'आलम आरा' : एक चित्रपट आणि बदललेला उद्योग

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'भारतातील पहिला बोलपट कोणता?' हा प्रश्न आपणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी सोडविलेला असेल. चार पर्यायांतून 'आलम आरा' या नावापुढे खूण करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, एवढाच आपला त्या चित्रपटाशी संबंध येतो. आज मी या एका गुणाच्या उत्तरापाशी थोडा वेळ थांबणार आहे. कारण या प्रश्नामागे एक दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला आहे. एखादा चित्रपट संपूर्ण उद्योगाचे स्वरूप बदलू शकतो का? बदलत असेल तर ती प्रक्रिया नेमकी कशी घडते आणि त्या बदलाची किंमत कोण मोजतो? मुख्य परीक्षेत किंवा मुलाखतीत आपणांस विचारला जाईल तो हा दुसरा प्रश्न. उद्योग कोणताही असो, तंत्रज्ञानामुळे होणारे परिवर्तन समजून घेण्याची रीत यातून हाती येते.

मूकपटांचा काळ आणि एकसंध बाजारपेठ

प्रथम पार्श्वभूमी पाहू. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि भारतीय कथाचित्रपटाचा पाया घातला गेला. त्यानंतरच्या सुमारे दोन दशकांत आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. मुंबई, कोलकाता, चेन्नई, तसेच पुणे, कोल्हापूर, नाशिक यांसारख्या ठिकाणी निर्मितीसंस्था उभ्या राहिल्या.

मूकपटाचे अर्थशास्त्र समजून घेणे येथे महत्त्वाचे आहे. चित्रपट मुका होता याचाच अर्थ तो सर्व भाषांचा होता. दृश्यांच्या मधेमधे पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. त्या पाट्या दोन-तीन भाषांत छापल्या की एकच चित्रपट पेशावरपासून मदुराईपर्यंत चालू शके. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी चित्रपटगृहात बसून कथा सांगणारा माणूस असे. पडद्याजवळ पेटी आणि तबला वाजविणारे वादक बसत. निर्मात्याच्या दृष्टीने संपूर्ण देश ही एकच बाजारपेठ होती.

मात्र हीच बाजारपेठ परदेशी निर्मात्यांनाही तितकीच खुली होती. मुक्या अमेरिकन चित्रपटाला भाषेची भिंत आडवी येत नव्हती. विसाच्या दशकात भारतात दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी बहुसंख्य परदेशी, त्यांतही मुख्यतः अमेरिकन असत. या परिस्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९२७ मध्ये सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय चलच्चित्र समिती नेमली. अमेरिकन चित्रपटांऐवजी ब्रिटिश साम्राज्यात तयार होणाऱ्या चित्रपटांना प्राधान्य मिळावे, हा समितीच्या नेमणुकीमागील एक हेतू होता. समितीने १९२८ च्या अहवालात ही कल्पना स्वीकारली नाही. साम्राज्याच्या चित्रपटांना नव्हे, तर भारतीय निर्मितीला प्रोत्साहन द्यावे, असा तिचा कल होता. तत्कालीन सरकारने त्या शिफारशी जवळपास बाजूलाच ठेवल्या. देशी उद्योगाला हवे असलेले संरक्षण धोरणातून मिळाले नाही. ते तीन वर्षांनंतर एका अनपेक्षित मार्गाने मिळाले.

ध्वनीचे आगमन

१९२७ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत 'द जाझ सिंगर' प्रदर्शित झाला आणि बोलपटाचे युग सुरू झाल्याची जाणीव जगाला झाली. १९२९ मध्ये कोलकात्याच्या एल्फिन्स्टन चित्रपटगृहात 'मेलडी ऑफ लव्ह' हा अमेरिकन बोलपट दाखविण्यात आला. मुंबईतही परदेशी बोलपट येऊ लागले. त्यांपैकी 'शो बोट' हा काही भागांतच बोलणारा चित्रपट पाहून अर्देशीर इराणी यांच्या मनात भारतीय बोलपटाची कल्पना आली, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले होते.

अर्देशीर इराणी यांचा जन्म १८८६ मध्ये पुण्यात झाला. ते चित्रपट व्यवसायात आले ते दिग्दर्शक म्हणून नव्हे, तर वितरक आणि प्रदर्शक म्हणून. अब्दुलअली युसूफअली यांच्या भागीदारीत त्यांनी चित्रपटगृहांचा व्यवसाय केला. तंबूतील खेळ पाहणाऱ्या प्रेक्षकाची आवड त्यांना जवळून ठाऊक होती. १९२६ मध्ये त्यांनी इम्पीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. प्रेक्षक कशासाठी पैसे देईल हे ओळखणारा माणूस निर्मितीत उतरला, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढील घटनांचा अर्थ लावताना ती उपयोगी पडेल.

इम्पीरियलने ध्वनिमुद्रणाची टॅनार पद्धतीची यंत्रसामग्री आणली. या पद्धतीत चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फितीवर उमटत असल्याने नंतर सुधारणा करण्यास वाव नव्हता. यंत्र बसविण्यासाठी विल्फर्ड डेमिंग हे परदेशी तंत्रज्ञ आले होते. त्यांच्याकडून जुजबी माहिती घेऊन इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रणाचे काम स्वतःच्या हाती घेतले. चित्रनगरीशेजारून रेल्वेमार्ग जात होता. दिवसभर गाड्यांची धडधड चालू असल्यामुळे बहुतेक चित्रीकरण रात्री, गाड्या बंद असण्याच्या वेळात करावे लागले. ध्वनिरोधक दालन नव्हते. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी लपवावे लागत. वादकांनाही दृश्याच्या चौकटीबाहेर बसवून, नट गात असतानाच साथ घेतली जाई. चित्रपटाला सुमारे चाळीस हजार रुपये खर्च आला, असे नमूद केले जाते.

कथानक जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरून घेतले होते. राजपुत्र आणि भटक्या जमातीत वाढलेली कन्या यांची ती कथा. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा यांच्या प्रमुख भूमिका होत्या आणि पृथ्वीराज कपूर सेनापतीच्या भूमिकेत होते. चित्रपटात सात गाणी होती. फकिराची भूमिका करणाऱ्या वझीर मोहम्मद खान यांनी गायलेले गीत हे भारतीय चित्रपटातील पहिले गीत मानले जाते. संवादांची भाषा जाणीवपूर्वक हिंदुस्थानी ठेवली होती. ती फारसीने जड झालेली उर्दू नव्हती आणि संस्कृतप्रचुर हिंदीही नव्हती. निरनिराळ्या प्रांतांतील प्रेक्षकाला निदान कानाला ओळखीची वाटेल अशी ती बोली होती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईतील गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' प्रदर्शित झाला. गर्दी इतकी उसळली की पोलिसांची मदत घ्यावी लागली. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले, असे त्या काळाविषयी सांगितले जाते.

एक चित्रपट की परिस्थिती?

मित्रहो, येथे एक शंका घेणे आवश्यक आहे. 'आलम आरा' निघाला नसता तर भारतीय चित्रपट मुकाच राहिला असता का? मुळीच नाही. कोलकात्याची मादन थिएटर्स ही बलाढ्य संस्था त्याच शर्यतीत होती. 'आलम आरा' नंतर महिन्याभरातच तिचा 'जमाई षष्ठी' हा बंगाली लघु बोलपट झळकला आणि मे महिन्याच्या अखेरीस 'शीरीं फरहाद' हा तिचा गाण्यांनी भरलेला बोलपट आला. तोही पारशी रंगभूमीच्या परंपरेतूनच घडला होता. म्हणजे ध्वनी येणारच होता आणि तो गाणी घेऊनच येणार होता. आपल्या संगीत नाटकांनी, पारशी रंगभूमीने, कीर्तन, जात्रा आणि नौटंकीने प्रेक्षकाची अभिरुची तशी घडविली होती.

मग त्या एका चित्रपटाचे श्रेय कोणते? माझ्या मते ते तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट म्हणजे पुरावा. भारतीय भाषेतील बोलपट येथील अपुऱ्या साधनांतही तयार होऊ शकतो आणि प्रेक्षक त्यासाठी धाव घेतो, हे 'आलम आरा' ने प्रत्यक्ष दाखविले. गुंतवणूकदाराला दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते तिकिटाच्या एका रांगेने पटते. दुसरी गोष्ट म्हणजे शिकता येण्याजोगी रीत. हे काम परदेशी तज्ज्ञाच्या कायम उपस्थितीवाचून येथील माणसांनी पार पाडले होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. इराणींनी ही वाट स्वतःपुरती बंद ठेवली नाही. त्यांची चित्रनगरी इतर भाषांसाठी खुली झाली.

हा शेवटचा मुद्दा उदाहरणाने स्पष्ट होईल. 'आलम आरा' च्या निर्मितीत साहाय्य करणारे एच. एम. रेड्डी यांनी त्याच वर्षी, त्याच इम्पीरियलमध्ये, 'आलम आरा' साठी उभारलेल्या नेपथ्याचा उपयोग करून 'कालिदास' दिग्दर्शित केला. टी. पी. राजलक्ष्मी यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी चेन्नईत प्रदर्शित झाला. तो पहिला तमिळ बोलपट मानला जातो, परंतु त्यात तेलुगू संवाद आणि गाणीही होती. भाषांचे प्रवाह अजून वेगळे व्हायचे होते. रेड्डी यांनीच पुढे 'भक्त प्रल्हाद' हा तेलुगू बोलपट केला. १९३३ मध्ये याच इम्पीरियलमध्ये अब्दुलहुसेन सेपंता यांच्या सहकार्याने 'दुख्तर-ए-लोर' हा पहिला फारसी बोलपट तयार झाला आणि तेहरानमध्ये गाजला. इराणच्या बोलपटाची सुरुवात मुंबईत झाली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

एकट्या चित्रपटाने दार उघडते. त्या दारातून किती जण आणि किती लवकर आत येतात, यावर उद्योगाचे परिवर्तन ठरते. हे विधान आजच्या विवेचनाचे सार म्हणून ध्यानात ठेवावे.

भाषांचा नवा नकाशा

ध्वनीमुळे पहिला मोठा बदल झाला तो बाजारपेठेत. देशव्यापी एकसंध बाजारपेठ भाषेच्या रेषांवर विभागली गेली. वरवर पाहता हे नुकसान होते. परंतु त्याच भिंतीने परदेशी चित्रपटालाही अडविले. इंग्रजी संवाद समजणारा प्रेक्षक मोठ्या शहरांतील एका लहान वर्गापुरता मर्यादित होता. आपल्या भाषेत बोलणारा आणि गाणारा चित्रपट मिळू लागताच सर्वसामान्य प्रेक्षक तिकडे वळला. समितीच्या अहवालाला जे साधले नव्हते ते भाषेने साधले. कोणत्याही जकातीवाचून देशी निर्मितीला संरक्षण मिळाले.

आणि मग एकेका भाषेचा चित्रपट उभा राहिला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अयोध्येचा राजा' आला. तो पहिला मराठी बोलपट होता आणि त्याची हिंदी आवृत्तीही सोबतच तयार करण्यात आली. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या त्यात भूमिका होत्या. एका प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने पडद्यावर येणे ही त्या काळी मोठी सामाजिक घटना होती. त्याच वर्षी 'नरसिंह मेहता' हा गुजराती बोलपट निघाला. १९३४ मध्ये 'सती सुलोचना' हा पहिला कन्नड बोलपट आला, आणि त्याचे चित्रीकरण झाले ते आपल्या कोल्हापुरात. १९३५ मध्ये ज्योतिप्रसाद आगरवाला यांनी आसाममधील एका चहाच्या मळ्यात तात्पुरती चित्रनगरी उभारून 'जयमती' तयार केला. १९३६ मध्ये 'सीता बिबाह' हा ओडिया आणि १९३८ मध्ये 'बालन' हा मल्याळम बोलपट आला. 'बालन' ची निर्मिती सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने केली होती.

ही केवळ पाठ करण्याची यादी नव्हे. ती भूगोलाच्या अंगाने वाचून पाहा. तमिळ बोलपट मुंबईत, कन्नड बोलपट कोल्हापुरात, मल्याळम बोलपट सेलममध्ये. यंत्रसामग्री आणि भांडवल जेथे होते तेथे भाषा प्रवास करून गेल्या. पुढे भांडवल आणि कौशल्य भाषेच्या प्रदेशात पोहोचले आणि चेन्नईसारखी केंद्रे स्वयंपूर्ण झाली. औद्योगिक विकेंद्रीकरण प्रत्यक्षात कसे घडते याचे हे एक चांगले उदाहरण आहे. ज्योतिप्रसादांच्या उदाहरणातून त्याची मर्यादाही दिसते. जेथे आधारभूत सोयी नव्हत्या तेथे एकट्या व्यक्तीच्या ध्यासाने चित्रपट झाला, पण आर्थिकदृष्ट्या तो तोट्याचा ठरला आणि उद्योग मात्र लगेच उभा राहिला नाही.

लाभ कोणाचा, हानी कोणाची?

आता परिवर्तनाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. अनेक लेखांत ती एका वाक्यात संपविली जाते. तसे करणे योग्य नाही.

बोलपटाने नवी कामे निर्माण केली. संवादलेखक, गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रक अशी पदे उद्योगात आली. रंगभूमीवरील गायक नटांना, तालीम घेतलेल्या गायिकांना, साहित्यिकांना चित्रपटाचे दार उघडले. कोलकात्यात १९३१ मध्ये बी. एन. सरकार यांनी न्यू थिएटर्स स्थापन केली. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभारली. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. पगारी कलावंत, स्वतःची प्रयोगशाळा, ध्वनिरोधक दालने अशी संघटित रचना तिशीच्या दशकात आकाराला आली. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाचा उपयोग झाला आणि गाणारा व दिसणारा यांची फारकत झाली. आज आपण ज्याला हिंदी चित्रपटसंगीत म्हणतो त्याचा विस्तार या फारकतीतून झाला.

परंतु ज्या चित्रपटगृहात पडदा बोलू लागला, तेथील पेटीवाला आणि तबलजी यांना दुसऱ्या दिवसापासून काम उरले नाही. कथा सांगणाऱ्या माणसाची गरज संपली. ध्वनियंत्रणा बसविण्याची ऐपत नसलेले लहान प्रदर्शक आणि तंबूवाले अडचणीत आले. ज्या मूकपट कंपन्यांजवळ नव्या यंत्रासाठी भांडवल नव्हते त्या मिटल्या. १९३४ च्या सुमारास भारतात मूकपटांची निर्मिती थांबली. म्हणजे वीस वर्षांत उभा राहिलेला एक व्यवसाय सुमारे तीन वर्षांत नाहीसा झाला.

कलावंतांचीही तीच स्थिती झाली. मूकपटांच्या काळात अनेक आघाडीच्या अभिनेत्री अँग्लो-इंडियन किंवा ज्यू समाजातील होत्या. सुलोचना या नावाने परिचित असलेल्या रुबी मायर्स या त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय तारका. हिंदुस्थानी भाषेवर प्रभुत्व नसल्याने 'आलम आरा' ची भूमिका त्यांना मिळाली नाही. त्यांनी काही काळ काम थांबवून भाषा आत्मसात केली आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्यांतून त्या पुन्हा पडद्यावर आल्या. पण सर्वांना ती संधी मिळाली नाही. स्वतः मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील साहसी नायक. 'आलम आरा' चे ते नायक होते, तरी त्यांचे हिंदुस्थानी उच्चार सफाईदार नसल्याने त्यांच्या वाट्याला संवाद कमी ठेवण्यात आले. पुढील काळात त्यांना पूर्वीचे स्थान टिकविता आले नाही. याउलट रंगभूमीवर घडलेला पृथ्वीराज कपूर यांचा भारदस्त आवाज त्यांचे भांडवल ठरला.

एवढेच नव्हे, तर अग्रदूतालाही परिवर्तनाचे फळ अखेरपर्यंत लाभले नाही. इराणींनी १९३७ मध्ये 'किसान कन्या' हा भारतात प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट काढला. या वेळी मात्र त्यांच्या मागून लगेच कोणी आले नाही. रंगीत फिल्म महाग होती, प्रयोगशाळा नव्हत्या, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रपटावर प्रेक्षक संतुष्ट होता. रंग सर्वसामान्य होण्यास आणखी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. त्याच सुमारास इम्पीरियल कंपनी बंद झाली. माणूस तोच, धडाडी तीच, पण एक प्रयोग क्रांती ठरला आणि दुसरा केवळ नोंद. परिस्थितीची अनुकूलता म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

जो चित्रपट आज पाहता येत नाही

मित्रहो, आतापर्यंत मी ज्या चित्रपटाविषयी बोललो तो मी पाहिलेला नाही. आपणही तो कधी पाहू शकणार नाही, अशीच शक्यता आहे. 'आलम आरा' ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काही छायाचित्रे, जाहिराती आणि आठवणी एवढेच शिल्लक आहे.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही आणि काळानुसार आपोआप कुजणारी. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असे. चित्रपटाचे प्रदर्शन संपले की जुनी फिल्म चांदी काढण्यासाठी विकली जाई. जतन करण्याची वस्तू म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. तेराशेहून अधिक मूकपटांपैकी पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात आज मोजकेच हाती आहेत.

'आलम आरा' ची अखेरची प्रत २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जळाली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. उत्तर लिहिताना ही चूक करू नका. त्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म नष्ट झाल्या हे खरे. मात्र संग्रहालयाचे संस्थापक संचालक पी. के. नायर यांनी स्पष्ट केले होते की, 'आलम आरा' ची प्रत संग्रहालयाकडे कधी आलीच नव्हती. संस्था स्थापन होण्यापूर्वीच तो चित्रपट हरवला होता.

यातील तारखांचा क्रम बोलका आहे. चित्रपट १९३१ चा. स्वातंत्र्यानंतर एस. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला. अर्थसाहाय्य, प्रशिक्षण आणि जतन यांसाठी संस्थात्मक व्यवस्थेचा विचार तेथून पुढे आला. १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ आणि पुण्यातील चित्रपट प्रशिक्षण संस्था अस्तित्वात आली. ही संस्था प्रभातच्याच जागेत उभी राहिली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले आणि जुन्या चित्रपटांच्या जतनाचे व पुनरुज्जीवनाचे काम राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाद्वारे चालविले जात आहे. उद्योगाने वेग घेतला तो १९३१ मध्ये आणि त्याची स्मृती सांभाळणारी संस्था आली ती तेहतीस वर्षांनंतर. मधल्या काळात जे गेले ते कोणत्याही निधीने परत येणार नाही. विकासाचे नियोजन करताना नव्याच्या उभारणीइतकीच जुन्याच्या जतनाची तरतूद त्याच वेळी करावी लागते, हा धडा आपणांस येथे मिळतो.

आजचा संदर्भ

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. गेल्या दोन दशकांत चित्रपटगृहांतून फिल्मची फीत नाहीशी झाली आणि संगणकीय प्रक्षेपण आले. फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा बंद झाल्या, प्रक्षेपकाची रिळे बदलणाऱ्या कुशल कामगाराचे काम संपले. तिशीच्या दशकातील पेटीवाल्याची कथा वेगळ्या रूपात पुन्हा घडली. दुसरीकडे, ध्वनीने विभागलेली बाजारपेठ ध्वनीच्याच साहाय्याने पुन्हा जोडली जात आहे. २०१५ मध्ये आलेला 'बाहुबली' तेलुगू आणि तमिळमध्ये चित्रित झाला. हिंदी आणि मल्याळममध्ये आवाज बदलून तो देशभर पाहिला गेला. मूकपटाने जे पाट्यांनी साधले होते ते आज भाषांतरित संवादांनी साधले जाते आहे.

म्हणून, एखाद्या चित्रपटाने उद्योग बदलला असे विधान समोर येईल तेव्हा त्याला चार प्रश्न विचारावेत. बदलास अनुकूल परिस्थिती आधीपासून होती का? त्या चित्रपटाने नेमके काय सिद्ध केले? इतरांना ते पुन्हा करता आले का? आणि बदलाचा भार कोणावर पडला? 'आलम आरा' च्या बाबतीत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतून मिळतात. चौथ्याचे उत्तर बव्हंशी मिळत नाही, कारण मॅजेस्टिकबाहेर त्या दिवशी उसळलेल्या गर्दीची नोंद झाली. पडद्याजवळची आपली पेटी बंद करून घरी गेलेल्या वादकाचे नाव मात्र कोणीही लिहून ठेवले नाही.

आपणांपैकी अनेक जण उद्या प्रशासनात जातील. नवे तंत्रज्ञान, नवी योजना, नवे यंत्र यांच्या स्वागताचे प्रसंग आपल्या वाट्याला वारंवार येतील. ते स्वागत जरूर करा. त्याच फाईलमध्ये ज्याचे काम थांबणार आहे त्याचे नाव आणि जे जतन करायचे आहे त्याची नोंद असेल, एवढी काळजी घ्या.